भीती ज्याची, निवड त्याची

ताई,

तुमचं सदर मी नेमाने वाचते. माझा प्रश्न कदाचित लहान वाटेल, पण गेले दोन महिने आमच्या घरात यावरून धुसफूस चालू आहे. आम्ही चौघं. मी, नवरा, नऊ वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा. पुढच्या मोठ्या सुट्टीत क्रूझला जावं असं माझ्या फार दिवसांपासून मनात आहे. मुलीच्या वर्गातल्या दोघी जाऊन आल्या, तेव्हापासून तीही मागे लागली आहे. नवरा मात्र विषय निघाला की गप्प होतो. सरळ नाही म्हणत नाही. "मुलं अजून लहान आहेत, नंतर बघू," एवढंच. त्याला पोहता येत नाही. परवा रात्री पाणी प्यायला उठले, तर हा अंधारात मोबाइलवर वादळात सापडलेल्या जहाजांचे व्हिडिओ बघत बसला होता. मी काही बोलले नाही. मध्ये एकदा त्याला बाल्कनीच्या केबिनचे फोटो दाखवले, तर त्याने एकच विचारलं, "हा कठडा किती उंच असतो?" मला सांगता आलं नाही.

मुलगी आता त्याला 'घाबरट बाबा' म्हणून चिडवते, आणि तोही हसून सोडून देतो. एका नव्या, मोठ्या जहाजाची सात रात्रींची सफर मी बघून ठेवली आहे. त्यातले तीन दिवस नुसता समुद्र. बाल्कनी तर मला हवीच, नाहीतर क्रूझला जाऊन काय उपयोग? बहीण म्हणते, विचारत बसू नकोस, बुकिंग करून टाक आणि वाढदिवसाला तिकिटं हातात ठेव. एकदा चढला की भीती जाईल. करू का असं?

तुमची एक वाचक

•

करू नका. एवढं आधी सांगते आणि मग बाकीच्या गोष्टींकडे वळते.

तिकिटं हातात ठेवलीत तर तुमचे मिस्टर बहुधा येतीलही. मुलांचे चेहरे बघितल्यावर त्यांना नाही म्हणवणार नाही. पण मग सात दिवस ते मुलांच्या मागे मागे राहतील, रात्री टक्क जागे असतील, आणि तुम्हाला वाटत राहील की मी एवढं केलं तरी याला त्याचं काही नाही. आगगाडीत जीव घाबरला तर पुढच्या स्टेशनवर उतरता येतं. जहाजावरून मध्येच उतरता येत नाही, आणि घाबरलेल्या माणसाला आधी तेच आठवतं. त्या जहाजावर चढायचं हे त्यांनी स्वतः ठरवलेलं असलं पाहिजे. बहिणीचा हेतू चांगला आहे, यात मला शंका नाही. पण हा उपाय तिच्या घरात चालेल, तुमच्या घरात चालेलच असं नाही.

हे मी इतक्या ठामपणे लिहिते, कारण आमच्या घरात घाबरलेली व्यक्ती मी होते. मुलगा सहा वर्षांचा असताना आम्ही पहिल्यांदा क्रूझला गेलो. सगळी निवड नवऱ्याने केली होती. केबिन स्वस्त मिळाली म्हणून घेतलेली, जहाजाच्या पार पुढच्या टोकाला, वरच्या मजल्यावर. पहिल्या रात्री समुद्र काही फार खवळलेला नव्हता. पण कपाटातले रिकामे हँगर दर दहा-बारा सेकंदांनी एकमेकांवर आपटत होते. टक्, टक्. मग शांतता. मग परत टक्. मी पडल्या पडल्या मधली शांतता मोजत होते. टेबलावरच्या ग्लासातलं पाणी एका कडेला चढायचं, क्षणभर थांबायचं आणि दुसऱ्या कडेला जायचं. बापलेक दोघं गाढ झोपलेले. सकाळी केबिन आवरायला आलेल्या मुलाला मी आवाजाचं सांगितलं, तर तो काही न बोलता आत गेला आणि हँगरांच्या मध्ये एक टॉवेल गुंडाळून खोचला. आवाज बंद. मला रडूच आलं. रात्रभर मी ज्याला जहाजाचं कुरकुरणं समजत होते ते चार हँगर होते, आणि हे मला आधी कोणी सांगितलं नव्हतं.

म्हणून तुमच्या पत्रातलं कठड्याचं वाक्य मी दोनदा वाचलं.

तो प्रश्न बापाचा आहे, पोहता न येणाऱ्या बापाचा. माझा अंदाज असा की त्यांना स्वतः बुडण्याची धास्ती तितकी नाही. पोरगं पाण्यात पडलं तर मला उडीसुद्धा मारता येणार नाही, हा विचार त्यांना झोपू देत नसावा. अंदाज चुकीचाही असेल, तेव्हा विचारून घ्या. मात्र "तुला कशाची भीती वाटते?" असं विचारलंत तर "कसली भीती?" हेच उत्तर येईल. त्यापेक्षा मुलं झोपल्यावर असं विचारा: "आपण चौघं जहाजावर आहोत असं समज. कुठल्या वेळी तुझ्या पोटात गोळा येतो?" आणि मग मध्ये न बोलता ऐका. कोणाला केबिनचं दार बंद झाल्यावर कोंडल्यासारखं होतं. कोणाला चारचौघांत उलटी होईल याची लाज वाटते. कोणाला रात्रीचं काळं पाणी बघवत नाही. कोणाला गर्दीत मूल हरवेल असं वाटतं. यातल्या प्रत्येकाला वेगळी केबिन लागते, वेगळा मार्ग लागतो. जहाज कुठलं घ्यायचं हे त्या उत्तरावरून ठरवायचं असतं, आणि बहुतेक घरांत ते जाहिरातीतल्या घसरगुंडीवरून ठरतं.

आता त्यांच्या प्रश्नाचं उत्तर. अमेरिकेत २०१० साली क्रूझ प्रवाशांच्या सुरक्षेचा कायदा झाला. तिथल्या बंदरांत प्रवासी घेणाऱ्या मोठ्या जहाजांचा कठडा निदान ४२ इंच, म्हणजे जवळजवळ १०७ सेंटिमीटर असला पाहिजे, असं त्यात आहे. जहाजबांधणीच्या आंतरराष्ट्रीय नियमांतही उघड्या डेकचा कठडा किमान एक मीटर लागतो. चार वर्षांचं मूल साधारण एक मीटर उंचीचं असतं. म्हणजे तुमचा मुलगा कठड्याशी नुसता उभा राहिला तर पलीकडे जाऊ शकत नाही. धोका येतो तो बाल्कनीतल्या खुर्चीमुळे आणि छोट्या टेबलामुळे. त्यावर मूल चढलं की कठड्याची उंची उरतच नाही. बऱ्याच जहाजांवर बाल्कनीच्या दाराची कडी मुलाचा हात पोचणार नाही अशी वर असते, पण चार वर्षांचं पोर खुर्ची ओढायला शिकलेलं असतं.

हे सगळं त्यांना सांगा, आणि त्याच बैठकीत तुमच्याकडून एक गोष्ट सोडा. बाल्कनी. मला माहीत आहे, तुम्हाला हे आवडणार नाही. पण बाल्कनी घेतलीत तर तुमची सुट्टी तिथे बसून जाईल आणि त्यांची सुट्टी त्या दाराकडे बघण्यात जाईल. या खेपेला खिडकीची केबिन घ्या. तिची काच पक्की बसवलेली असते, उघडत नाही. उजेड येतो, क्षितिज दिसतं, मुलं काचेला नाक लावून बसू शकतात, आणि बापाला रात्री झोप लागते. अगदी आतली, बिनखिडकीची केबिन घेऊ नका. ती स्वस्त असते, पण दिवा मालवला की दिवस आहे का रात्र हे कळत नाही, आणि ज्याला आधीच कोंडल्यासारखं होतं त्याच्यासाठी ती शिक्षा आहे. मोकळ्या समुद्राची हौस वरच्या डेकवर पुरेपूर भागते. पहाटे मुलं उठायच्या आत तुम्ही एकट्या वर जा. तासभर तिथे तुम्हाला कोणी हाक मारणार नाही.

खिडकीची केबिन कुठली, हे मात्र नीट बघा. जहाज लाटेवर सी-सॉसारखं हलतं. टोकाला बसलेलं मूल जितकं वर-खाली होतं तितकं मधलं होत नाही. तेव्हा लांबीच्या मानाने मध्यावर आणि जमेल तितक्या खालच्या डेकवर, अशी जागा हवी. मोठ्या जहाजांना पाण्याखाली दोन्ही बाजूंना पंख असतात, त्यांना स्टॅबिलायझर म्हणतात. ते जहाजाचं डाव्या-उजव्या अंगावर कलणं बरंच कमी करतात. पुढचं टोक वर उचलून खाली येणं मात्र त्यांच्याने फारसं थांबत नाही, म्हणून मध्यभागाचं महत्त्व. कंपनीच्या साइटवर डेक प्लॅन, म्हणजे जहाजाच्या मजल्यांचा नकाशा, असतो, तो मोठा करून बघा आणि केबिनच्या वरच्या आणि खालच्या मजल्यावर त्याच जागी काय आहे तेही तपासा. दोन्हीकडे केबिनच असतील तर उत्तम. वर पोहण्याच्या तलावाचा डेक असला तर पहाटे खुर्च्या ओढल्याचे आवाज येतात, खाली नाट्यगृह असलं तर रात्री ढोल. आणि 'गॅरंटी केबिन' नावाची एक स्वस्त सोय असते, तिच्यात नंबर आपण निवडत नाही, कंपनी शेवटी देते. तुमच्यासाठी ती अजिबात नको. माझी पुढच्या टोकाची केबिन तशीच आलेली होती.

सात रात्री आणि तीन दिवस नुसता समुद्र, ही सफर पहिल्या खेपेला मला पटत नाही. चार किंवा पाच रात्रींची बघा, जिच्यात जवळजवळ रोज एखादं बंदर आहे. रोज सकाळी जमिनीवर पाय टेकणार आहेत, एवढ्या आधारावर घाबरलेला माणूस रात्र काढतो. समुद्राचा एखादा अख्खा दिवस असावा, तो मधे असावा, पहिला नको. दोन-तीन रात्रींच्या अगदी छोट्या सफरी मी सुचवत नाही. शरीराला हलत्या जमिनीची सवय व्हायला एक-दोन दिवस लागतात, आणि सवय होते न होते तोच सामान बांधायची वेळ येते. शिवाय शनिवार-रविवार धरून निघणाऱ्या छोट्या सफरींवर रात्रभर गाणी-बजावणी करायला आलेली मंडळी पुष्कळ असतात.

मार्ग आणि महिना या दोन गोष्टींवर समुद्र कसा मिळणार ते बरंचसं ठरतं. भूमध्य समुद्र उन्हाळ्यात बहुधा निवांत असतो, हिवाळ्यात तोच चांगला खवळतो. अलास्काचा इनसाइड पॅसेज बेटांच्या आडून जातो, तिथे मोठ्या लाटा फारशा पोचत नाहीत. नॉर्वेच्या फ्योर्डमध्येही, म्हणजे डोंगरांमध्ये आत शिरलेल्या अरुंद खाड्यांमध्ये, पाणी तळ्यासारखं असतं, पण तिथवर जाताना उत्तर समुद्र ओलांडावा लागतो का, हे आधी बघावं. फ्रान्स-स्पेनलगतचा बिस्केचा उपसागर आणि अटलांटिक ओलांडणाऱ्या सफरी पहिल्या खेपेला नकोतच. कॅरिबियनकडे जायचं असेल तर १ जून ते ३० नोव्हेंबर हा अटलांटिकमधल्या चक्रीवादळांचा हंगाम धरतात, हे ध्यानात असू द्या. त्या काळातही जहाजं सुटतात आणि कप्तान वादळाला वळसा घालून मार्ग बदलतो, पण बंदरं बदलली की तुमच्या मिस्टरांची झोप उडेल. नदीवरची क्रूझ तुम्हाला कोणीतरी सुचवेलच. ऱ्हाइन, डॅन्यूब, किंवा लक्सर ते अस्वान नाईल. तिथे हलणं जवळपास नसतं आणि काठ सतत दिसतो. भीती फक्त खोल पाण्याची असेल तर हा फार चांगला मार्ग आहे. पण नदीवरची जहाजं लहान, प्रवासी बहुतेक वयस्क, आणि मुलांना करण्यासारखं थोडं. काही जहाजं लहान मुलांना घेतही नाहीत. नऊ वर्षांची मुलगी कदाचित रमेल, चार वर्षांचा तिसऱ्या दिवशी कंटाळेल.

जहाज मोठं असणं चांगलं, कारण मोठं जहाज कमी हलतं. पण सगळ्यात मोठंच हवं असं नाही. २०२४ साली सुरू झालेलं 'आयकॉन ऑफ द सीज' हे जहाज ३६५ मीटर लांब आणि २० डेकचं आहे, सात हजारांहून अधिक प्रवासी घेऊ शकतं. ज्याची भीती मूल हरवण्याची आहे त्याला हे अख्खं गाव वाटेल. मधल्या आकाराचं जहाज निवडलंत तर दोन दिवसांत वाटा पाठ होतात, आणि वाट पाठ झाली की माणूस निवांत होतो.

आता त्या व्हिडिओंबद्दल. त्यांना टोकू नका. पुढच्या वेळी शेजारी जाऊन बसा आणि म्हणा, आपण बघितलेल्या जहाजाचा दाखव. जवळजवळ प्रत्येक जहाजाचे आतून फिरून केलेले व्हिडिओ मिळतात, केबिनच्या नंबरासकट. कठडा किती उंच, दार कसं उघडतं, जिना कुठे, हे डोळ्यांनी दिसतं. आणि बुडण्याचा विषय निघाला तर "काही होत नाही रे" म्हणून उडवून लावू नका. काय काय झालं आणि त्यावर काय केलं गेलं, ते सांगा. १९१२ साली टायटॅनिकवर २,२०० हून अधिक माणसं होती आणि लाइफबोटींमध्ये जागा होती १,१७८ जणांची. त्यानंतर १९१४ साली समुद्रावरच्या जीवरक्षणाचा आंतरराष्ट्रीय करार झाला, त्याला सोलास म्हणतात. आजच्या सोलासप्रमाणे समुद्रातल्या लांबच्या सफरींवर लाइफबोटी आणि तराफे मिळून जहाजावरच्या माणसांच्या १२५ टक्के जागा असावी लागते, आणि सगळे जमून जहाज सोडायचा इशारा झाल्यापासून ३० मिनिटांत त्या पाण्यात उतरवता आल्या पाहिजेत. १३ जानेवारी २०१२ ला इटलीच्या जिल्यो बेटाजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया हे क्रूझ जहाज खडकावर आदळलं आणि ३२ माणसं गेली. संकटात कुठे जमायचं याची कवायत त्या दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांची तोवर झालेलीच नव्हती, कारण तेव्हाचा नियम त्यासाठी २४ तासांची मुभा देत होता. १ जानेवारी २०१५ पासून ती मुभा गेली. आता कवायत जहाज सुटायच्या आधी किंवा सुटताक्षणी होते, आणि सर्वांना करावीच लागते. ज्या माणसाला वादळांचे व्हिडिओ बघवतात त्याला हे ऐकायलाही चालेल. उलट कोणीतरी आपल्याशी मोठ्या माणसासारखं बोललं, असं त्यांना वाटेल.

आणि त्या कवायतीचं, म्हणजे मस्टर ड्रिलचं, प्रमुखपद त्यांना द्या. संकटाचा इशारा म्हणजे भोंग्याचे सात किंवा जास्त छोटे आवाज आणि मग एक लांब. मुलीला तो आधीच तोंडपाठ करायला सांगा, बाबा परीक्षा घेतील. बऱ्याच जहाजांवर लहान मुलांच्या मनगटाला मस्टर स्टेशनचा, म्हणजे संकटात जमायच्या जागेचा, क्रमांक लिहिलेला पट्टा बांधतात, तो बाबांनी स्वतः बांधून घ्यावा. ड्रिल झाल्यावर सगळी मंडळी वर हात हलवायला पळतात. तुम्ही अर्धा तास थांबा आणि केबिनपासून मस्टर स्टेशनपर्यंत चौघं चालून या, एकदा एका जिन्याने, एकदा दुसऱ्या. आमच्या त्या सफरीत दुसऱ्या दिवशी मी आणि मुलगा भिंतीला हात लावून, अर्धे डोळे मिटून असे चाललो होतो. सतरा दरवाजे, मग डावीकडे जिना, दोन मजले. मुलगा मोठ्याने मोजत होता. त्या रात्री मला झोप लागली. सतरा हा आकडा आजही मला विसरता येत नाही.

मळमळीबद्दल थोडं. कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगतो की आपण हलतोय, डोळ्यांना खोलीच्या स्थिर भिंती दिसतात, आणि या दोघांचं जमत नाही म्हणून पोट ढवळतं. म्हणून बाहेर जाऊन क्षितिजाकडे बघितलं की बरं वाटतं आणि मोबाइलमध्ये बघितलं की वाढतं. दोन ते बारा वर्षांच्या मुलांना हा त्रास मोठ्यांपेक्षा जास्त होतो, तेव्हा बाबांकडेच लक्ष ठेवून बसू नका. गाडीत ज्याला लागतं त्याला जहाजावरही लागण्याची शक्यता धरा. मेक्लिझिन, डायमेनहायड्रिनेट अशी औषधं मळमळ सुरू व्हायच्या आधी घ्यावी लागतात, नंतर त्यांचा उपयोग कमी. त्यांनी झोप येते. कानामागे लावायचा स्कोपोलामाइनचा पॅच मुलांसाठी नसतो, काचबिंदू असलेल्यांसाठीही नसतो. निघायच्या आधी तुमच्या डॉक्टरांना चौघांची वयं आणि चालू औषधं सांगून विचारा. पोट रिकामं ठेवू नका आणि गच्च भरूही नका. आल्याचा तुकडा चघळून कित्येकांना बरं वाटतं.

त्यांची परीक्षा बघायला आधी एखाद्या छोट्या बोटीतून चक्कर मारू, असं तुमच्या मनात आलं असेल तर थांबा. छोटी बोट मोठ्या जहाजाच्या मानाने कितीतरी जास्त हलते. तिथे पोट बिघडलं तर ते कायमचं नाही म्हणतील. पाण्याची ओळख करून द्यायची असेल तर संथ तळं बरं.

मुलांच्या बाबतीत दोन गोष्टी पक्क्या ठरवून जा. किड्स क्लब बहुतेक जहाजांवर तीन वर्षांपासून घेतात, पण डायपर सुटलेला असावा लागतो. मुलाला सोडताना आणि घेताना पालकांची नोंद होते. थोड्या मोठ्या मुलांना काही जहाजांवर पालकांच्या परवानगीने एकट्याने बाहेर पडता येतं. मुलगी ती परवानगी मागेल. पहिल्या सफरीत देऊ नका, आणि हे तुम्ही दोघांनी मिळून आधीच सांगा, म्हणजे तिथे बाबा एकटे वाईट ठरणार नाहीत. दुसरी गोष्ट पोहण्याचा तलाव. सगळ्या जहाजांवर जीवरक्षक नेमलेले नसतात. बुकिंगआधी कंपनीला स्पष्ट विचारा. असोत वा नसोत, मुलगा पाण्यात असताना तुमच्यापैकी एक जण हात पोचेल इतका जवळ असला पाहिजे आणि त्याच्या हातात मोबाइल नको. सुट्टीला अजून अवकाश असेल तर मुलीबरोबर बाबांनीही पोहायला शिकायला सुरुवात केली तर फारच छान. पण ते त्यांनी म्हटलं तर. त्याची अट घालू नका.

बाकीचं भराभर सांगते. आजारपणात जहाजावरून हलवण्याचा खर्च धरलेला विमा घ्या, कारण जहाजावर डॉक्टर असतात पण त्यांचं बिल वेगळं येतं. हात साबणानेच धुवा, पोटाच्या साथीचा नोरोव्हायरस सॅनिटायझरला फारसा जुमानत नाही. फोन विमान मोडवर ठेवा, जहाजाच्या सॅटेलाइट नेटवर्कवर फोन आपोआप लागला तर बिल अफाट येतं. जहाज सुटायच्या बंदरगावी आदल्या दिवशीच पोचा. आणि या खेपेला बंदरावर उतरल्यावर जहाजाच्या स्वतःच्या सहलीच घ्या, किंवा धक्क्याजवळच फिरा. स्वतःच्या हिमतीने लांब गेलात आणि उशीर झाला तर जहाज थांबत नाही. तुमच्या मिस्टरांना घड्याळ बघत फिरायला लावू नका.

एक गोष्ट मात्र आजपासूनच बदला, सफर होवो न होवो. 'घाबरट बाबा' बंद. ते हसतात, कारण मुलीसमोर दुसरं काय करणार? पण घरात एकदा हे नाव पडलं की त्यांना हो म्हणणंही अवघड होतं. हो म्हणाले तर चिडवण्याला बळी पडले, नाही म्हणाले तर घाबरट. मुलीला बाजूला घेऊन समजवा की बाबांनी कठड्याची उंची विचारली ती तुझ्या भावासाठी. नऊ वर्षांच्या मुलीला हे कळतं. शक्य असेल तर डेक प्लॅन घेऊन तिला बाबांच्या शेजारी बसवा आणि मधली केबिन दोघांना शोधू द्या. तुम्ही दोन-तीन सफरी निवडून समोर ठेवा, चारच्या, पाचच्या, वेगवेगळ्या मार्गांच्या. त्यातली कुठली, हे त्यांनी सांगायचं. केबिनचा नंबरही त्यांनीच टाकायचा.

आणि बुकिंग अशा अटीचं करा की मागे फिरता येईल. बहुतेक कंपन्या आधी अनामत घेतात आणि पूर्ण रक्कम सफरीच्या काही महिने आधी मागतात. अनामत परत मिळणारी असेल तीच घ्या, थोडे पैसे जास्त गेले तरी. पूर्ण रक्कम भरायच्या तारखेच्या आठवडाभर आधी कॅलेंडरवर खूण करा आणि त्यांना आत्ताच सांगून ठेवा की त्या दिवशी मी एकदाच विचारीन. तोवर या विषयावर टुमणं नाही, टोमणे नाहीत. त्या दिवशी ते नाही म्हणाले तर रद्द करा आणि मुलीला 'बाबांमुळे' असं न म्हणता 'आम्ही दोघांनी ठरवलं' एवढंच सांगा. हो म्हणाले तर सामान भरताना एक छोटा टॉवेल जास्तीचा घ्या आणि बॅगेत वरच ठेवा, हँगरांसाठी.